इमारतीच्या दर्शनी भागाला फोमचे कंगोरे आणि चौकटी: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी

घराच्या दर्शनी भागाचं काम काढलं तेव्हा माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. खिडक्यांभोवती चौकटी हव्यात आणि गच्चीच्या कठड्याखाली एक भरीव कंगोरा, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली आडवी नक्षीदार पट्टी, हवा. भिंत जुनी असल्यामुळे दगडाचं किंवा काँक्रीटचं वजन तिच्यावर टाकायचं नव्हतं. फोमचा नमुना हातात घेतला तर रिकाम्या खोक्यासारखा हलका आणि चार पावलांवरून हुबेहूब दगड. मी तिथल्या तिथे होकार दिला. पुढे दोन खिडक्यांच्या चौकटी उचकटून पुन्हा लावाव्या लागल्या आणि कंगोऱ्याचे सांधे पहिल्याच उन्हाळ्यात उघडले. ते सगळं निस्तरताना जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. काम काढायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाचा, कारण पाचव्या टप्प्यात होणाऱ्या चुकीचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यात असतं.

१. ही वस्तू नेमकी काय आहे

आपण सर्रास ज्याला थर्माकोल म्हणतो तोच हा फोम. त्याचं नाव एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, बाजारात ईपीएस. बारीक मण्यांना वाफेने फुगवून त्यांचा मोठा ठोकळा बनवतात आणि तापलेल्या तारेने त्यातून हवा तो आकार कापून काढतात. या ठोकळ्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. नुसता फोम बाहेर टिकत नाही. उन्हात पिवळा पडतो, वरून पावडर सुटते, नखानेही उकरला जातो. म्हणून त्यावर फायबरग्लासची जाळी बसवून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं २ ते ३ मिलिमीटरचं कवच चढवतात.

हा हिशेब एकदा करून बघा, म्हणजे वस्तूचा स्वभाव कळेल. ३० सेंटिमीटर उंच, वरच्या बाजूला ३० सेंटिमीटर बाहेर आलेला आणि खाली निमुळता होत जाणारा कंगोरा घ्या. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण ०.०५ चौरस मीटर भरतं. घनमीटरला २५ किलो घनतेचा फोम असेल तर एक मीटर लांबीत फोमचं वजन फक्त सव्वा किलो, आणि वरच्या ३ मिलिमीटर कवचाचं साडेतीन ते चार किलो. तोच आकार काँक्रीटमध्ये ओतला तर १२० किलो. म्हणजे तुम्ही विकत घेताय ते मुख्यतः कवच. फोम आतून आकार धरून ठेवतो. मी फोमची जाडी आणि नक्षी बघण्यात सगळा वेळ घालवला आणि कवचाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तुम्ही आधी कवचाबद्दल विचारा.

२. तुमच्या इमारतीला हे चालेल का

या टप्प्यावर मन मोठं करून 'नाही' म्हणायची तयारी ठेवा. पुढच्या जागी फोम लावू नका:

- जमिनीलगत. भिंतीच्या तळाशी उडणारं पाणी, मुंग्या, वाळवी, उंदीर आणि माणसांचे धक्के हे सगळं तिथेच असतं. जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर वर थांबा, आणि हाताच्या उंचीपर्यंत लावायचंच असेल तर जाड जाळीचं दुहेरी कवच मागा.
- ज्यावर कुणी पाय देईल, शिडी टेकवेल, दोरी बांधेल किंवा एसीचा स्टँड ठोकेल अशा ठिकाणी. हा फोम फक्त स्वतःचं वजन पेलतो.
- धुराड्याच्या, जनरेटरच्या किंवा गीझरच्या गरम हवेच्या तोंडाशी. पॉलिस्टायरीन ८० अंश सेल्सियसच्या आसपास आकार सोडायला लागतो.
- इमारतीच्या मूळ हलत्या सांध्यावर, म्हणजे दोन भागांना हलायला जागा म्हणून सोडलेल्या फटीवर. तिथे पट्टी दोन तुकड्यांतच हवी.

आगीचा विषय वेगळा काढून बोलायला हवा. ईपीएस जळतो. ज्वालारोधक जातीचा असला तरी तो न जळणारा होत नाही. ज्योत दूर केली की त्याची धग लवकर विझते, एवढाच फरक. जानेवारी २००८ मध्ये लास वेगासमधल्या माँटे कार्लो हॉटेलच्या माथ्याजवळ आग लागली. गच्चीवर धातूकाम चालू होतं, ठिणगी बाहेरच्या आवरणात गेली आणि आग फोमच्या सजावटी पट्ट्यांवरून आडवी धावली. इमारत उंच असेल, एकमेकींना खेटून असेल किंवा त्यात अनेक कुटुंबं राहत असतील, तर स्थानिक बांधकाम परवाना खातं आणि अग्निशमन खातं बाहेरच्या भिंतीवर कोणतं साहित्य चालवून घेतं ते लेखी विचारा. विक्रेत्याच्या तोंडी 'चालतं हो'वर विसंबू नका. सुटण्याच्या जिन्याभोवती आणि बाहेर पडायच्या दारांभोवती मी स्वतः फोम लावलेला नाही आणि लावायला सांगणारही नाही.

३. आखणी, आणि पाण्याची वाट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी इथेच कमी दिला.

आधी आकार. पुठ्ठ्याचा कंगोरा कापा, भिंतीला चिकटवा आणि रस्त्यावर जाऊन बघा. जवळून ठसठशीत वाटणारी २० मिलिमीटरची पट्टी तिसऱ्या मजल्यावर गेली की दिसतच नाही, कारण तिची सावली पडत नाही. उलट दारावरची जड महिरप समोरून छान दिसते आणि खाली उभं राहिलं की अंगावर येते. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा बघा. सावली हाच या सगळ्या नक्षीचा जीव आहे.

मोजमाप प्रत्येक खिडकीचं वेगळं घ्या. एकाच नकाशातल्या खिडक्या प्रत्यक्षात एकसारख्या नसतात; माझ्याकडे एका रांगेतल्या चार खिडक्यांत १८ मिलिमीटरचा फरक निघाला. प्रत्येकीची रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक खिडकीला नंबर द्या आणि तोच नंबर पुढे तुकड्यांच्या पाठीवर लिहायला लावा. काप-तुटीसाठी ५ ते १० टक्के जास्त धरा.

आता पाणी. फोमच्या कामाचं आयुष्य आडव्या पृष्ठभागांवर ठरतं. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीत मी छत्री घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो होतो. कंगोऱ्याच्या माथ्यावर पाणी साचत होतं. पुढच्या कडेवरून उतरलेलं पाणी पागोळीसारखं खाली पडायच्या ऐवजी खालच्या बाजूला चिकटून मागे वळत होतं आणि थेट भिंतीवर जात होतं. दोन महिन्यांत तिथे काळे ओघळ आले. यासाठी नकाशातच तीन गोष्टी हव्यात.

पहिली, माथ्याला उतार. सपाट माथा असलेली नक्षी घेऊ नका. फोमवर गिलावा करण्याच्या पद्धतीत आडव्या माथ्यांसाठी १:२ हा उतार धरतात, म्हणजे ३० सेंटिमीटर बाहेर आलेल्या भागाला मागच्या बाजूला १५ सेंटिमीटर चढ. यामुळे कंगोऱ्याचा छेद बदलतो, म्हणून ते आधीच सांगावं लागतं. एवढा चढ शोभत नसेल तर माथ्यावर पत्र्याची टोपी घाला. पत्र्याची मागची कड भिंतीत वर वळवून खाचेत बसलेली हवी. भिंतीला नुसता टेकवलेला आणि सीलंटने (फटी बुजवायच्या लवचिक मसाल्याने) चिकटवलेला पत्रा काही काळाने सुटतो.

दुसरी, खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच. बाहेरच्या कडेपासून साधारण २० ते २५ मिलिमीटर आत, निदान १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल. इथे एक फसगत आहे. फोममध्ये खाच बरोबर कापलेली असते, पण दोन्ही बाजूंनी ३-३ मिलिमीटरचं कवच चढलं की ती बुजून नुसती रेघ उरते. म्हणून मागणीत लिहा, 'कवच चढल्यावर उरलेली खाच १० मिलिमीटर'. माझ्या मागणीत 'कवच चढल्यावर' हे शब्द नव्हते.

तिसरी, खिडकीच्या खालची पट्टी. तिची दोन्ही टोकं उभ्या चौकटीत घुसतात तिथे पाणी थांबतं. टोकांना छोटा उभा काठ काढून घ्या, म्हणजे पाणी बाजूला न जाता पुढून खाली पडेल.

४. मागणी नोंदवण्याआधी काय विचारायचं, काय हातात घ्यायचं

घनता तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कवच नसलेला फोमचा तुकडा मागा आणि त्यातून १० सेंटिमीटर बाजूचा घन कापा. तो बरोबर एक लिटरचा असतो, म्हणून काट्यावर जितके ग्रॅम भरेल तितकीच त्याची घनमीटरला किलोमधली घनता. २० ग्रॅम भरला तर घनता २०. बाहेरच्या नक्षीसाठी २० ते ३० च्या दरम्यानचा फोम घ्या. पॅकिंगचा फोम बराच हलका असतो आणि बोटाने दाबला की खळगा राहतो.

मग तो तुकडा मोडा. मोडलेल्या जागी मणी मधोमध फाटलेले दिसले तर मणी एकमेकांत नीट वितळून जुळले आहेत. मणी अख्खेच्या अख्खे सुटून हातात आले तर ठोकळा कच्चा आहे, तो पाणी पितो आणि कडा झडतात.

ठोकळा किती जुना आहे तेही विचारा. ताज्या ठोकळ्यात फुगवण्यासाठी वापरलेला पेंटेन वायू आणि वाफेचं पाणी शिल्लक असतं. ते निघून जाताना फोम थोडा आकसतो आणि ते आकसणं काही आठवडे चालू राहतं. घाईने ताज्या ठोकळ्यातून कापून, कवच चढवून दिलेली पट्टी तुमच्या भिंतीवर आकसते आणि सांधे उघडतात. चांगला कारखानदार ठोकळे मुरवून मगच कापतो आणि विचारल्यावर तारीख सांगतो.

कवचाबद्दल: ते सिमेंट-पॉलिमरचं आहे की अ‍ॅक्रिलिकचं की पॉलियुरेथेनसारखं कडक? आत जाळी आहे का आणि ती अल्कलीत टिकणारी आहे का? साधी काचेची जाळी सिमेंटमध्ये काही वर्षांत ठिसूळ होते. नमुना आडवा कापून मागा आणि मोजपट्टी लावून जाडी बघा, विशेषतः बाहेरच्या टोकदार कडांवर. तिथे कवच ओघळून पातळ झालेलं असतं आणि पहिला टवका तिथेच उडतो. म्हणून धारदार कडांपेक्षा थोडी गोलसर कड मागा.

ही कागदपत्रं हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका:

- प्रत्येक आकाराचा मापांसह छेद, तुमची सही असलेला
- खिडकी-क्रमांकानुसार तुकड्यांची यादी
- फोमची घनता आणि ज्वालारोधक जात सांगणारं तांत्रिक पत्रक
- आग चाचणीचा अहवाल. तो कवचासकट पूर्ण वस्तूचा आहे की नुसत्या फोमचा, ते वाचा
- कवच, चिकटवणी आणि सांध्याचं सीलंट यांची पत्रकं. तिन्ही एकमेकांना चालतात असा लेखी उल्लेख
- बांधकाम परवाना किंवा इमारतीच्या संस्थेची संमती, जिथे लागते तिथे
- हमीपत्र, आणि त्यात कोण बसवणार हेही. माल एकाचा आणि बसवणं दुसऱ्याचं असेल तर तडा गेल्यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. माझ्या बाबतीत तेच झालं

५. माल उतरवताना

सावलीत, सपाट फळीवर, पूर्ण लांबीला आधार देऊन ठेवा. दोन विटांवर टेकवलेली दोन मीटरची पट्टी आठवड्यात वाकते आणि वाकलेली पट्टी भिंतीवर सरळ बसत नाही. वारा लागणार नाही अशी जागा बघा. परांचीवर नेलेले तुकडे बांधूनच ठेवा. वाऱ्याच्या एका झोतात लांब तुकडा पानासारखा उडतो आणि खाली माणसं असतात. कवच नसलेले भाग, विशेषतः पाठ आणि कापलेली टोकं, उन्हात पडू देऊ नका. पिवळी पावडर आलेल्या पाठीवर चिकटवणी धरत नाही. पावडर आलीच तर ती घासून, ब्रशने झाडून पांढरा फोम दिसेपर्यंत साफ करा.

आणि जिथे माल आहे तिथे वेल्डिंग, ग्राइंडरची ठिणगी किंवा डांबरी पत्रे वितळवायची ज्योत अजिबात नको. ही सगळी कामं फोम यायच्या आधी उरकून घ्या.

६. भिंत

भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तो गिलावा काढून नवा करा. नवा सिमेंटचा गिलावा निदान २८ दिवस मुरू द्या. तेलरंग, सुटलेले पोपडे, चुन्याची भुकटी, शेवाळ हे सगळं खरवडून काढा आणि धुऊन वाळवा. चिकटवणी रंगाला चिकटली आणि रंग भिंतीपासून सुटला तर दोष चिकटवणीचा नसतो.

त्यानंतर एक छोटी चाचणी करा, ती मला फार उशिरा कळली. फोमचे १०×१० सेंटिमीटरचे पाच-सहा तुकडे भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी, तुम्ही वापरणार त्याच चिकटवणीने लावा. आठवडाभराने ओढून काढा. फोम मधोमध फाटून त्याचा थर भिंतीवर राहिला तर भिंत तयार आहे. तुकडा चिकटवणीसकट किंवा रंगासकट अख्खा निघाला तर अजून साफसफाई बाकी आहे.

७. हत्यारं आणि साहित्य

ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी किंवा लेझर, खडूची दोरी, बारीक दातांची करवत, ४५ अंशाची कापणी पेटी, दातेरी थापी, चिकटपट्टी, पॉलिश पेपर चिकटवलेली सपाट फळी, आधाराला लाकडी पट्ट्या, तात्पुरते खिळे, सीलंटची बंदूक. साहित्यात पॉलिमरयुक्त सिमेंटची चिकटवणी, सांध्यासाठी जाळीची पट्टी आणि त्याच कारखान्याचं कवचाचं मिश्रण, रंग धरणारं सीलंट, आणि बॅकर रॉड म्हणतात ती फोमची गोल दोरी. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क विसरू नका.

८. चिकटवणं

आधी सगळ्या रेषा भिंतीवर मारून घ्या. खिडकीच्या वरच्या कडेवरून माप घेऊ नका, कारण ती स्वतःच तिरकी असू शकते. लेव्हलने एक आडवी रेषा संपूर्ण भिंतीवर फिरवा आणि सगळं तिच्यावरून मोजा. तुकडे कोरडेच धरून बघा. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावून करवत चालवली तर कवचाचे टवके उडत नाहीत. कापलेल्या टोकाला पुन्हा कवचाचं मिश्रण लावून ते झाकायचं, जिथे ते उघडं राहणार आहे तिथे. महिरपीसारखे वळणदार तुकडे कारखान्यातूनच कापून घ्या. जागेवर जुळवलेलं वळण लांबून लगेच ओळखू येतं.

चिकटवणी कोणती, हा प्रश्न इथे जीव की प्राण आहे. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, टोल्यूइन यांपैकी काहीही लागलं की पॉलिस्टायरीन विरघळतो. माझ्याकडच्या कारागिराने दोन चौकटींना लाकडाच्या कामातली तीव्र वासाची चिकटवणी लावली. बाहेरून काही कळलं नाही, चौकटी आठवडाभर घट्ट होत्या. नंतर हाताने दाबल्या तर हलल्या. काढल्यावर पाठीला तळहाताएवढे खळगे पडलेले, आणि खळग्यांच्या कडा काचेसारख्या चकचकीत, कडक झालेल्या. तेव्हा डब्यावर 'पॉलिस्टायरीनसाठी योग्य' असं छापलेलं नसेल तर डबा उघडूच नका. वास घेतल्यावर नाकात झोंबलं तरी थांबा.

सिमेंटची चिकटवणी पाठीवर पूर्ण पसरा आणि दातेरी थापीने ओढा. चार कोपऱ्यांत चार गोळे लावायची सवय कारागिरांना असते. तशी पट्टी मागून पोकळ राहते, तिच्यात पाणी आणि मुंग्या शिरतात, आणि आग लागली तर तीच पोकळी धुराड्यासारखी काम करते. तुकडा भिंतीला लावून थोडा सरकवत दाबा, म्हणजे कडेने मसाला बाहेर येईल. वरच्या कडेला मसाला आला नाही तर तिथे फट आहे, आणि वरची फट म्हणजे पाण्याचं दार. बाहेर आलेला मसाला ओला असतानाच पुसा. खाली लाकडी पट्टीचा आधार द्या आणि तो चोवीस तास काढू नका.

पुढे बरेच आलेले कंगोरे, दारावरच्या जड महिरपी आणि वाऱ्याच्या माऱ्यातल्या उंच जागा नुसत्या चिकटवणीवर सोडू नका. तिथे भिंतीत रुतणारे अँकर लागतात. किती आणि कुठे, ते कारखान्याच्या पत्रकातून घ्या. अँकर गिलाव्यात नव्हे, त्यामागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. त्याचं डोकं फोममध्ये थोडं आत बसवून वर फोमची चकती आणि कवचाचं मिश्रण लावायचं. उघडं डोकं गंजून रंगातून ठिपका दाखवतं.

काम ५ ते ३५ अंश तापमानात करा. तापलेल्या भिंतीवर मसाला पाणी सोडून सुकतो आणि पकड घेत नाही, म्हणून सूर्याच्या मागे-मागे, सावलीतल्या भिंतीवर काम करत जा. पहिले चोवीस तास पाऊस लागू देऊ नका.

दिव्यांच्या वायरी फोममधून न्यायच्या असतील तर नळीतूनच न्या. पीव्हीसी वायरीतलं मऊ ठेवणारं द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये झिरपतं. वायर ठिसूळ होते आणि फोम चघळल्यासारखा दिसतो. शिवाय दिव्याची उष्णता वेगळीच. दिवा भिंतीवर बसवा, कंगोऱ्यावर नाही.

९. सांधे

लोकांना तडा दिसतो तो बहुतेक वेळा सांध्यावर. कारण साधं आहे. फोम तापला की गिलाव्यापेक्षा पाच-सहा पट जास्त पसरतो. दोन मीटरचा मोकळा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो, गिलावा अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा पुढे. भिंतीला चिकटवल्यावर फोमला एवढं पसरता येत नाही, पण तो ताण जातो सांध्यावर.

दोन तुकडे एकमेकांना खेटून, मध्ये पुट्टी भरून गुळगुळीत केलेला सांधा पहिल्या दिवशी सर्वांत सुंदर दिसतो. आमचे सगळे सांधे असेच होते. एप्रिलमध्ये प्रत्येक ठिकाणी केसासारखी रेघ आली, आणि पावसाळ्यात तिथून ओल गेली.

मग काय करायचं? तुकड्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट ठेवा. ती फोमला चालणाऱ्या पॉलियुरेथेन चिकटवणीने भरा, वाळल्यावर जास्तीचं कापून टाका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कवच थोडं घासून खोलगट करा, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर रुंद जाळीची पट्टी कवचाच्या मिश्रणात दाबून बसवा आणि वर दुसरा हात फिरवा. साध्या भिंतीची पुट्टी इथे वापरू नका; ती कडक असते आणि पाणी पिते. सांधा खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत येऊ देऊ नका, कारण भिंतीलाही तिथेच तडे जायची सवय असते.

लांब कंगोऱ्यात मध्ये-मध्ये हलता सांधा सोडा. अंतर कारखानदाराला विचारा. या सांध्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि तिच्यावर सीलंट भरा. दोरीमुळे सीलंट दोन बाजूंनाच चिकटतं, तळाला चिकटत नाही, म्हणून ते रबरासारखं ताणलं जाऊ शकतं. तळालाही चिकटलं तर मधोमध फाटतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंग धरणारं सीलंट आधीच निवडा.

पट्टीची वरची कड आणि भिंत यांच्यामधली रेघ हाही सांधाच आहे. रंगारी ती पुट्टीने बुजवतात. तिथेही सीलंटच हवं.

१०. रंग

पाण्यात मिसळणारे बाहेरचे अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यांचाच प्रायमर. थिनरचा तेलरंग कवचाला पडलेल्या बारीक छिद्रातून आत गेला तरी खालचा फोम खातो. गडद रंगाचा मोह टाळा. रंगाच्या पत्रकावर प्रकाश परावर्तनाचा आकडा असतो, काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला १००. २० च्या खालचा रंग फोमच्या नक्षीला देऊ नका, कारण उन्हात पृष्ठभाग फार तापतो. कवच पूर्ण वाळल्यावरच रंग लावा.

११. काम ताब्यात घेताना आणि पुढे

परांची उतरवायच्या आधी स्वतः वर चढा, किंवा उंचीची भीती वाटत असेल तर विश्वासातल्या माणसाला फोन घेऊन चढवा. बोटाच्या पेराने प्रत्येक तुकडा वाजवा, खालच्या खाचेत बोट फिरवून ती बुजलेली नाही ना बघा, माथ्यावर तांब्याभर पाणी ओतून ते पुढूनच पडतंय ना ते पाहा. परांचीची भिंतीतली भोकं बुजवताना शेजारच्या नक्षीचं कवच फुटलं का, तेही तिथेच दिसतं. खाली आल्यावर यातलं काहीच दिसत नाही आणि परांची पुन्हा बांधायला कुणी तयार होत नाही.

उरलेले तुकडे आणि भुगा पोत्यात भरा. मणी गटारात गेले की निघत नाहीत, आणि जाळले तर काळा, घशाला लागणारा धूर होतो.

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याच्या आधी दुर्बीण किंवा फोनचा कॅमेरा घेऊन सगळ्या सांध्यांवरून नजर फिरवा. केसाएवढी रेघ दिसली तर त्याच हंगामात बुजवा. पक्ष्यांनी चोचीने भोक पाडलं असेल तर आत घरटं नाही याची खात्री करून मोकळा भाग कापा, फोमचा तुकडा चिकटवून त्यावर जाळी आणि कवच चढवा. टवका उडाला असेल तर नुसता रंग लावू नका. भोवतालचं दोन-तीन सेंटिमीटर कवच घासून नवी जाळी जुन्या जाळीवर चढेल असं बसवा. भिंत धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सांध्यांवर रोखू नका.

या सगळ्या दुरुस्त्यांना त्याच आकाराचा तुकडा लागतो. म्हणून प्रत्येक आकाराचे एक-दोन तुकडे, छेदाचा कागद, रंगाचा नंबर आणि कवचाच्या मिश्रणाचं नाव एकत्र बांधून माळ्यावर, उन्हापासून दूर ठेवून द्या.